काचेच्या पेटीतील समुद्र

सिल्वासाला समुद्र नाही. दमणगंगा गावावरून वाहत जाते आणि दमणजवळ अरबी समुद्रास मिळते. परंतु समुद्राचा खारा वारा काही आपल्या अंगणापर्यंत पोहोचत नाही. असे असूनही या भूभागाच्या नशिबाशी समुद्राचा संबंध जुना आहे. १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नावाचे एक पोर्तुगीज जहाज पकडले. पुढे १७७९ मध्ये पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, त्या तहान्वये बारा हजार रुपये वार्षिक उत्पन्नाचा सरंजाम पोर्तुगीजांना देण्याचे ठरले, आणि १७८३ पासून नगर हवेलीची गावे त्यांच्याकडे गेली. ज्यांनी कधी जहाज पाहिले नव्हते, अशा वारली आणि कोकणा लोकांचा मुलूख एका जहाजाच्या भरपाईत परक्यांच्या हाती गेला व तेथे सुमारे पावणेदोनशे वर्षे राहिला. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, तेव्हा कोठे तो हिशेब मिटला.

आज मात्र आपल्याशी बोलावयाचे आहे ते समुद्राच्या एका निराळ्याच नात्याविषयी. समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसाला आपल्या लहानशा घरात समुद्राचा एक तुकडा, आणि तोही प्रवाळांचा, माशांचा, जिवंत असा तुकडा, काचेच्या पेटीत ठेवता येईल काय? हा प्रश्न आज आपल्या गावातही विचारला जातो. गोड्या पाण्यातील सोनेरी मासे पाळून ज्यांचे समाधान होत नाही, अशी हौशी मंडळी पाच-सहाशे लिटर खाऱ्या पाण्याची पेटी दोन खोल्यांच्या घरात कशी बसवावी, याची चौकशी करू लागली आहेत. या प्रश्नाचे उत्तर दुकानदार एका प्रकारे देतो. इतिहास ते दुसऱ्या प्रकारे देतो, आणि ते अधिक ऐकण्याजोगे आहे.

प्रथम प्रवाळ म्हणजे काय, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. आपल्याला पोवळे माहीत आहे ते नवरत्नांतील एक रत्न म्हणून. ते रत्न म्हणजे एका सागरी प्राण्याच्या वसाहतीचा सांगाडा होय. उष्ण समुद्रातील प्रवाळभिंती ज्यांनी बांधल्या ते प्राणी याच गोताचे. एकेक प्राणी बहुधा अगदी लहान; पण तो समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन आपल्याभोवती दगडाची वाटी घडवितो, आणि असे असंख्य प्राणी एकमेकांना चिकटून पिढ्यान्‌पिढ्या बांधीत राहिले की समुद्रात भिंती आणि बेटे उभी राहतात. आपले लक्षद्वीप असेच बांधले गेले आहे. या प्राण्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ वास्तव्य करते. शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. यजमान त्याला आसरा आणि खत पुरवितो. ही भागीदारी प्रकाश, उष्णता, क्षार आणि पाण्याची स्वच्छता या चार गोष्टींवर तोललेली असते. त्यांपैकी एक जरी ढळली तरी भागीदारी मोडते. म्हणूनच घरात ठेवण्यास प्रवाळासारखा कठीण पाहुणा दुसरा नाही.

आणि तरीही खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयाचा इतिहास सुरू होतो तो प्रवाळापासूनच, आणि एका गृहिणीपासून. तिच्या आधी १८३२ च्या सुमारास झान विलप्रे-पॉवर या फ्रेंच विदुषीने सिसिलीतील मेसिना येथे काचेच्या पेट्यांत सागरी जीव ठेवून त्यांचा अभ्यास केला होता. पण तिच्या दाराशी समुद्र होता. ॲना थिन या इंग्रज बाईंच्या दाराशी तो नव्हता. त्यांचे पती वेस्टमिन्स्टर ॲबे या लंडनच्या सुप्रसिद्ध मंदिरात धर्माधिकारी होते. १८४६ मध्ये डेव्हन प्रांतातील टॉर्की येथे समुद्रकिनारी गेल्या असता बाईंना तेथील प्रवाळ आवडले. त्यांनी ते सुईदोऱ्याने स्पंजावर टाचले, बरणीत घातले आणि लंडनला आपल्या घरी आणले.

आता अडचण उभी राहिली ती पाण्याची. समुद्राचे पाणी लंडनला रोज कोठून आणावयाचे? आणलेले पाणी साठवून वापरावे तर ते लवकरच मरते, म्हणजे त्यातील प्राणवायू संपतो. बाईंनी उपाय योजला तो असा. त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत असे, आणि हे काम रोज अर्धा-पाऊण तास चाले. पाण्याची धार हवेतून पडताना प्राणवायू घेऊन येई. आज जे काम विजेवर चालणारा पंप करतो, ते त्या मोलकरणीच्या हातांनी केले. तिचे नाव इतिहासाने राखून ठेवले नाही. पुढे १८४७ मध्ये बाईंनी त्या पाण्यात समुद्री शेवाळही ठेवले, म्हणजे प्राणी जो वायू सोडील तो वनस्पतीने घ्यावा आणि वनस्पतीने प्राणवायू परत द्यावा. हे प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले. खाऱ्या पाण्याचे पहिले समतोल मत्स्यालय म्हणून आज याच प्रयोगाकडे बोट दाखविले जाते.

ही कल्पना बाईंना अगदी आकाशातून पडलेली नव्हती. नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टराने बंद काचपेटीत नेच्यांसारखी झाडे वर्षानुवर्षे जगतात हे दाखवून दिले होते. १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये काचेवरील जकात उठली आणि काच स्वस्त झाली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने आपला प्रयोग प्रसिद्ध केला. गोड्या पाण्याच्या पेटीत त्याने सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पती ठेवली होती. काही दिवसांनी वनस्पतीची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने त्यात गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. मासा, वनस्पती आणि सफाई करणारा, असे हे तिघांचे कुटुंब होते. त्यांतील तिसऱ्यावाचून पहिल्या दोघांचा संसार चालत नाही, हा वॉरिंग्टनचा खरा शोध होय. हे सूत्र ध्यानात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांसाठी स्वतंत्र काचघर उघडले. त्यातील बरेचसे सागरी प्राणी पुरविले होते फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाने. १८५४ मध्ये गॉसचे ‘दि ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाले आणि हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला. गॉसने आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्याने कृत्रिम समुद्रजलाची कृती सिद्ध केली. खाण्याचे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड असे चार पदार्थ तोलून गोड्या पाण्यात मिसळावयाचे. मग त्यात जिवंत शेवाळ काही दिवस ठेवून ते पाणी प्राण्यांना राहण्याजोगे करावयाचे. आज सिल्वासाच्या घरात जो कोणी पिशवीतील तयार समुद्री मीठ पाण्यात विरघळवील, तो गॉसच्याच कृतीचा सुधारलेला वारसा चालवीत असेल.

परंतु गॉसच्या कथेचा उत्तरार्ध दुःखाचा आहे. त्याची पुस्तके हातोहात खपली. मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यांत काचपेट्या आल्या, आणि त्या भरण्यासाठी लोक टोपल्या, हातोड्या व छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर उतरले. ज्या खडकांतील डबकी हजारो वर्षे समुद्रफुलांनी आणि रंगीत शेवाळांनी भरलेली होती, ती थोड्याच वर्षांत ओस पडली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात, लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेल्या त्या किनाऱ्याची ही नासाडी नोंदविली आहे, आणि आपल्या पुस्तकांमुळे हे घडले याचे वडिलांना किती दुःख झाले तेही सांगितले आहे. घरात नेलेल्या प्राण्यांपैकी बहुतेक अल्पावधीत मेले. काही वर्षांत फॅशन ओसरली आणि पेट्या माळ्यावर गेल्या. किनारा मात्र पूर्वीसारखा झाला नाही. हौस एका पिढीची होती, पण किंमत पुढच्या पिढ्यांनी दिली.

यानंतर खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा इतिहास घरातून निघून सार्वजनिक इमारतींत गेला. इटलीतील नेपल्स येथे आन्तोन डोर्न या जर्मन शास्त्रज्ञाने सागरी संशोधनाची संस्था काढली आणि तिला जोडलेले मत्स्यालय १८७४ मध्ये लोकांस खुले झाले. तिकिटांच्या उत्पन्नातून संशोधनाला हातभार लागावा, हा हेतू. आपल्या देशात मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर १९०९ मध्ये सागरी मत्स्यालय सुरू झाले. त्यामागे तेथील संग्रहालयाचे प्रमुख एडगर थर्स्टन यांची खटपट होती. आणि मराठी माणसाच्या आठवणीतील मत्स्यालय म्हणजे अर्थातच मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय. मरीन ड्राइव्हवरील या मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. सुमारे आठ लाख रुपये खर्च आला. त्यांपैकी दोन लाखांची देणगी ज्या पारशी दानशूर गृहस्थांनी दिली, त्यांचे नाव त्यास मिळाले. मुंबई पाहावयास गेलेले महाराष्ट्रातील किती तरी कुटुंब राणीचा बाग आणि तारापोरवाला पाहिल्यावाचून परत येत नसे. जिवंत समुद्री मासा काचेपलीकडून डोळ्याला डोळा भिडवून पाहण्याचा अनुभव अनेकांना प्रथम तेथेच मिळाला. २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन तेथे पारदर्शक बोगदाही झाला. परंतु पुढे इमारत धोकादायक ठरल्याने मत्स्यालयाचे दरवाजे बंद झाले.

या साऱ्या संस्थांत एक गोष्ट समान आहे. त्या समुद्रकाठी उभ्या राहिल्या. समुद्र शेजारी असला की पाण्याचा प्रश्न अर्धा सुटतो. असे असूनही त्यांच्या पेट्यांत मुख्यतः मासे, कासवे, शेवंडे, खेकडे असत. जिवंत प्रवाळ दीर्घकाळ जगविणे मोठमोठ्या मत्स्यालयांनाही फार उशिरा साधले. न्यू कॅलेडोनिया या पॅसिफिक बेटावरील नूमेआ येथे रने कातला यांनी १९५६ मध्ये सुरू केलेल्या मत्स्यालयात ते साधले, ते प्रवाळसमुद्राचे ताजे पाणी सतत खेळवून. समुद्रापासून तुटलेल्या पेटीत प्रवाळ का मरतात, हे कोडे मात्र तसेच राहिले होते.

ते कोडे सुटण्यास आरंभ झाला तो पुन्हा एका घरातून. इंडोनेशियातील जकार्ता येथे राहणाऱ्या ली चिन एंग या हौशी गृहस्थांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात आपली पद्धती मांडली. त्यांच्या पेटीत गाळणीचे यंत्र नव्हते. समुद्रातून आणलेले दगड, ज्यांच्या छिद्राछिद्रांत जीव नांदत होते असे दगड, त्यांनी पेटीत रचले. भरपूर प्रकाश दिला आणि हवेचे संथ बुडबुडे सोडले. तेवढ्यावर प्रवाळ आणि मासे जगू लागले. त्या काळचे मत्स्यपालक पेटी जितकी धुऊन-पुसून निर्जंतुक ठेवता येईल तितकी ठेवीत. एंग यांनी नेमके उलट केले आणि ते यशस्वी झाले.

याचे कारण काय? माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया निघतो. तो विषारी असतो. निसर्गात काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात. जमिनीतील असे जीवाणू सर्गेई विनोग्राड्‌स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखविले होते. त्यापुढची पायरी अशी की, सच्छिद्र दगडाच्या गाभ्यात, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे आणखी निराळे जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन करून तो हवेत सोडून देतात. म्हणजे वॉरिंग्टनच्या पेटीतील गोगलगाईचे जे काम, तेच येथे डोळ्यांना न दिसणारे जीवाणू करीत असतात. तिसऱ्यावाचून संसार चालत नाही, हे सूत्र शंभर वर्षांनी पुन्हा सिद्ध झाले. आपल्या स्वयंपाकघरातील भाषेत सांगावयाचे तर, दुधाला विरजण लागावे लागते तसे पेटीलाही लागावे लागते. आणि ते नीट लागण्यास महिना-दीड महिना सहज जातो. नव्या पेटीत दुसऱ्याच दिवशी मासे सोडणारा मनुष्य ते मासे मारण्याचीच तयारी करीत असतो.

एंग यांच्या पद्धतीला पुढे जर्मनीत, विशेषतः बर्लिनच्या हौशी मंडळींनी, १९७० नंतर शिस्त आणली. बर्लिन हे समुद्रापासून दूरचे शहर. त्यामुळे सिल्वासाच्या श्रोत्याला त्याची कथा जवळची वाटावी. त्यांनी जिवंत दगड घेतले, प्रखर दिवे लावले आणि एक साधे उपकरण जोडले. उभ्या नळकांड्यात हवेचे अत्यंत बारीक बुडबुडे सोडावयाचे. पाण्यातील सेंद्रिय मळ त्या बुडबुड्यांना चिकटून फेसाच्या रूपाने वर येतो आणि बाहेर काढता येतो. गुऱ्हाळात काहिलीवर येणारी मळी झाऱ्याने काढून टाकतात, तोच हा प्रकार. या पद्धतीने दगडी प्रवाळ नुसते जगले नाहीत, तर वाढू लागले.

येथे इतिहासाला वळण देणारी एक गोष्ट घडली. बर्लिनच्या डीट्रिश श्ट्यूबर या गृहस्थांच्या पेटीत फांद्यांच्या प्रवाळाची एक वसाहत वाढली. तिचे तुकडे तोडून त्यांनी ते इतरांना दिले. ते तुकडे त्यांच्या पेट्यांत वाढले, त्यांनी आणखी तिसऱ्यांना दिले. जास्वंदीची फांदी शेजारणीला द्यावी तसा तो प्रवाळ घरोघरी गेला, आणि आजही हौशी मंडळी त्याला श्ट्यूबर यांच्या नावाने ओळखतात. या देवघेवीत समुद्रातून नवे काही तोडावे लागले नाही. गॉसच्या काळी पेटी भरली की किनारा रिकामा होई. आता पेटी पेटीतून भरू लागली. त्या दोन गोष्टींमध्ये सव्वाशे-दीडशे वर्षांचे शिक्षण आहे, आणि माझ्या मते या हौसेचा इतिहास म्हणून जे काही सांगावयाचे, ते एवढेच आहे.

आता हा इतिहास हाती धरून आपल्या गावाकडे वळू. पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी पेटी घ्या. तिचे घनफळ वीस घनफूट, म्हणजे सुमारे ५६६ लिटर. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून जड असल्याने नुसत्या पाण्याचेच वजन ५८० किलोच्या आसपास. काच, दगड, वाळू आणि लोखंडी स्टँड मिळून ते पाऊण टनाच्या पलीकडे जाते. वरच्या मजल्यावरील लहान घरात एवढा भार भिंतीलगत, तुळईजवळ ठेवावयाचा की खोलीच्या मध्यभागी, हे अभियंत्याला विचारल्यावाचून ठरवू नये. दमणच्या खाडीमुखाचे पाणी कॅन भरून आणावे, असा मोह होईल; पण आपल्या या किनाऱ्यावरील भरती-ओहोटी मोठी आणि पाणी गाळाने भरलेले असते. ते प्रवाळांच्या कामाचे नाही. शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात समुद्री मीठ घालावे लागते, म्हणजे पहिल्याच भरणीला वीस किलो मीठ लागेल. पाणी वाफेने उडते, मीठ उडत नाही; म्हणून रोजची तूट गोड्या पाण्यानेच भरावयाची. नवशिका येथे खारे पाणी घालतो आणि पेटी हळूहळू मिठागराकडे वाटचाल करू लागते.

याहून कठीण प्रश्न उष्णतेचा. प्रवाळांच्या पेटीचे पाणी साधारण २४ ते २७ अंश सेल्सियस ठेवावे लागते. आपल्या एप्रिल-मे महिन्यांत बंद घरातील पाणी याच्या पुष्कळ वर जाते. वर दिव्यांची धग निराळी. तेव्हा पाणी थंड करणारे यंत्र अटळ, आणि ते अहोरात्र चालावे लागते. पावसाळ्यात एखाद्या रात्री वीज गेली आणि चार-सहा तास आली नाही, तर पाणी स्थिर होते, प्राणवायू घटतो आणि सकाळपर्यंत वर्षभराचे श्रम वाया जाऊ शकतात. ॲना थिन यांच्या घरी वीज जाण्याचा प्रश्न नव्हता. पण रोज पाणी ओतणारे दोन हात होते. आपल्या घरात ते हात कोणाचे असणार, याचा विचार पेटी विकत घेण्यापूर्वी करावा. बॅटरीवर चालणारा पंप हे त्याचे स्वस्तातील उत्तर आहे.

आणि शेवटी सर्वांत मोठा प्रश्न असा की, प्रवाळ आणावयाचे कोठून? भारतात २००१ पासून दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे यांस वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. आपल्या समुद्रातून ते तोडणे, विकणे किंवा परवान्यावाचून जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. परदेशातून आणावयाचे तर आंतरराष्ट्रीय कराराचे परवाने आणि सरकारदरबारी नोंद लागते. दुकानातील माणूस ‘सर्व मिळते’ असे म्हणेल; त्याच्याकडे कागद मागावेत. कागद नसतील तर त्या दगडाबरोबर आपल्या घरात गॉसच्या काळचा ओस किनाराही येतो, हे ओळखावे.

कायदा इतका कडक का, हेही समजून घेतले पाहिजे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर प्रवाळ फार थोडे आहेत. कच्छच्या आखातात आहेत आणि तेथे १९८२ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. मालवणजवळ आहेत, आणि १९८७ मध्ये तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात बुडालेले एक पठार आहे. त्यावरही प्रवाळ आहेत, आणि त्या पठाराला आंग्रिया बँक हे नाव कान्होजी आंग्र्यांवरून मिळाले आहे. ज्या मराठी आरमाराच्या एका कृत्यातून या प्रदेशाचा इतिहास बदलला, त्याच आरमाराच्या थोर सरखेलाचे नाव आज एका प्रवाळवनाशी जोडलेले आहे. एवढ्या थोड्या ठेव्यातून प्रत्येक हौशी घराने एकेक फांदी तोडावयाची म्हटले, तर काय उरेल?

मग सिल्वासाच्या माणसाने ही हौस सोडून द्यावी काय? तसे मुळीच नाही. मण्डपम आणि विळिञ्जम येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रांनी नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाऊन मासे आणि त्यांचे भाईबंद टाक्यांत पैदा करण्याचे तंत्र बसविले आहे. टाकीत जन्मलेला मासा पेटीत अधिक सहज राहतो, दिलेले खाद्य खातो, आणि त्याच्यासाठी प्रवाळभिंतीवर जाळे टाकावे लागत नाही. समुद्रातून उपटलेल्या दगडांऐवजी भाजलेल्या मातीचे अथवा साध्या चुनखडीचे सच्छिद्र दगड रचता येतात; विरजण लागले की तेही काम करू लागतात. अशा पेटीत पहिले वर्ष-दोन वर्षे एकही प्रवाळ नसेल. पाहुणे विचारतील, यात नवल ते काय? पण ज्याने दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे पाण्याचा तोल राखला, त्यालाच पुढे रीतसर कागदांसह, दुसऱ्याच्या पेटीत वाढलेला एखादा तुकडा स्वीकारण्याचा अधिकार येतो. तोपर्यंत त्या पेटीतील क्षार, चुना आणि उष्णता यांची रोजची नोंदवही हीच त्याची खरी मिळकत समजावी.

श्रोतेहो, या नोंदवहीचा उपयोग घरापुरताच नाही. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या अंगातील शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. ताप उतरला नाही तर मरतो. १९९८ मध्ये लक्षद्वीपच्या भिंती अशाच पांढऱ्या पडल्या आणि त्यांतील पुष्कळ प्रवाळ मेले. २०१० आणि २०१६ मध्ये ते संकट पुन्हा आले, आणि जगभरच्या समुद्रांत असे संकट चौथ्यांदा आल्याचे शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये जाहीर केले. घरातील थंड करणारे यंत्र एक रात्र बंद पडले तर काय होते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला त्या बातमीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. पेटीला यंत्र जोडता येते. समुद्राला जोडता येत नाही. उलट, घरगुती पेट्यांतून प्रवाळाचे तुकडे करून ते वाढविण्याचे जे कसब जमत गेले, त्याच धर्तीचे कसब आज उजाड झालेल्या प्रवाळभिंतींवर नवी लागवड करताना उपयोगी पडत आहे.

वेस्टमिन्स्टरच्या खिडकीपासून जकार्ता आणि बर्लिनच्या घरांपर्यंत या हौसेने जे शिकविले, ते फार गुंतागुंतीचे नाही. समुद्र घरात आणता येतो. मात्र तो समुद्राला न लुबाडता आणावयाचा असेल तर घाई, दिखाऊपणा आणि स्वस्त सौदा या तिन्ही गोष्टी दाराबाहेर ठेवाव्या लागतात. आपल्या समुद्रहीन गावातील एखाद्या लहानशा घरात अशी एक पेटी उभी राहिली, आणि तिच्यापुढे बसून एखाद्या मुलाने प्रथमच विचारले की, हा मासा कोठे जन्मला, तर त्या घरच्यांना ‘टाकीत’ असे उत्तर मोकळ्या मनाने देता यावे. तेवढे देता आले, तर एवढ्या पाण्याचा, विजेचा आणि खर्चाचा भार त्या घराने वाहिला तो वाया गेला नाही, असे मी समजेन.